तिनाई आत्या आणि ओरेताचं कोपर

आमच्या नोनोउती बेटावर कुणाचं काही दुखलं की माणूस आधी माझ्या दवाखान्यात येत नाही. आधी तो तिनाई आत्याकडे जातो, तिच्या चटईवर पालथा पडतो, तासभर ओरडतो, आणि मग जमलंच तर माझ्याकडे येतो, तेही गोळी मागायला. मी इथली नर्स आहे, सतरा वर्षं झाली. सरकारी मोटरसायकल माझ्याकडे, औषधांचं कपाट माझ्याकडे, पण माणसं तिच्याकडे. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. आताही येतो. पण ती माझी सख्खी आत्या, तिनंच मला वाढवलं, त्यामुळे राग गिळून तिच्याच घरी मासा-भात खायला बसावं लागतं.

खरं सांगायचं तर आत्याच्या हातात काहीतरी आहे. खोबरेल तेलात बुडवलेली ती जाड बोटं पाठीवर फिरली की उसण कुठे पळते कळत नाही. बाळंतिणीची कंबर असो, होडी ओढून भरलेले खांदे असोत, आत्या डोळे मिटून बोटांनीच बघते. तिच्या मते शरीराचं कुठलंही दुखणं चोळल्याशिवाय बरं होत नाही, आणि जो भाग चोळला नाही तो वाळून जातो, पाणी न मिळालेल्या केवड्यासारखा. हे तिच्या आईनं तिला सांगितलं, आईला आजीनं. त्यावर मी शाळेत शिकलेलं काहीही सांगितलं की ती म्हणते, "शिकलीस ना? छान. आता पाय दाब माझे."

तिचं दुसरं काम नाच शिकवण्याचं. आमच्या गावाचा नाच म्हणजे तिनाई आत्याचा नाच. आमच्याकडे पाय फारसे हलत नाहीत, सगळा नाच हातांचा. दोन्ही हात खांद्यातून सरळ बाहेर, समुद्रपक्ष्याच्या पंखांसारखे ताणलेले, आणि मान झटक्यात वळायची. आत्या शिकवते ती हातानंच. कुणाचा दंड खाली आला की मागून येऊन धरते आणि उचलते, असा की दोन दिवस बोटं उमटलेली राहतात. तोंडही चालूच असतं. "पक्षी हो म्हटलं मी, कोंबडी नाही!" "हा हात आहे की वाळत घातलेला टॉवेल?" मलाही तिनं शिकवायचा प्रयत्न केला होता. शेवटी म्हणाली, "तेबोरा, तू नर्सच हो बाई."

तिची नात ओरेता मात्र तिच्यावर गेलेली. ओरेताची आई ऑस्ट्रेलियात फळं भरायच्या कामावर, पोर आत्याजवळच. चार वर्षांची असल्यापासून ही मोठ्या मुलींच्या मागे उभी राहून हात पसरायची. आत्या बघून न बघितल्यासारखं करायची आणि मला कोपरानं ढोसून म्हणायची, "मनगट बघ. मनगट बघ तिचं."

सात वर्षांची असताना ओरेता नीरफणसाच्या झाडावरून पडली, डाव्या हातावर. कोपराच्या जरा वर हाड मोडलं. बेटावर एक्स-रे नाही, विमान आठवड्यातून दोनदा येतं आणि तेव्हा आठ दिवस बिघडलेलं होतं. रेडिओवरून डॉक्टरांना विचारून मीच हात नीट धरला आणि अर्धं प्लास्टर घातलं. म्हणजे मागच्या बाजूनं कडक पन्हळ आणि वरून कापडी पट्टी. सूज असताना असंच घालतात. आत्या शेजारी बसून बघत होती.

"चार आठवडे याला हात लावायचा नाही," मी बजावलं.

"हात लावायचा नाही? मग बरा कसा होणार?"

"हाड आपोआप जुळतं, आत्या."

"आपोआप तर खेकडाही चालतो. कसा चालतो बघितलंयस ना?"

दर आठवड्याला मी मोटरसायकलवरून जाऊन बघून यायचे. प्लास्टर जागच्या जागी, पट्टी स्वच्छ, पोर हसरी. चार आठवड्यांनी सोडलं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कोपर हळूहळू उघडलं तेव्हा दिसलं, की हात वाकडा जुळलाय. ओरेता बादली उचलायची, विहिरीचं पाणी ओढायची, झाडावरही पुन्हा चढायला लागली. दुखत काही नव्हतं. पण हात सरळ पसरला की कोपरापासून पुढचा भाग आत, अंगाकडे वळायचा. दुसऱ्या कुठल्या देशात हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. लांब बाह्यांचा सदरा घालून ती पोर सुखानं म्हातारी झाली असती. आमच्याकडे हात पसरणं हाच सगळा मान असतो.

आठव्या वर्षी ओरेतानं पोटात दुखतंय म्हणून नाच चुकवला. पुढच्या वेळी पाय दुखत होता. मग कारण सांगणंही बंद केलं आणि गाणाऱ्यांच्यात मागे बसून टाळ्या वाजवायला लागली. आत्या तिला काही बोलायची नाही. आणि मी? मी घरी जाऊन माझी नोंदवही काढायचे आणि ते पान पुन्हा पुन्हा वाचायचे. हात मीच धरला होता, प्लास्टर मीच घातलं होतं. मी तिरकं धरलं असणार. एकदा आत्यापाशी बोलून दाखवलं, "माझ्याच हातून चुकलं गं." ती चुलीवरचा माडीचा पाक ढवळत होती. काही न बोलता ढवळतच राहिली. मला वाटलं, काय मोठं मन आहे बाईचं. मला लागू नये म्हणून गप्प बसली.

तीन वर्षं गेली. त्या फेब्रुवारीत निरोप आला की राजधानीत, तारावाच्या मोठ्या इस्पितळात ऑस्ट्रेलियातून हाडांचे डॉक्टर दोन आठवड्यांसाठी येतायत, मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी. मी त्याच दिवशी ओरेताचं नाव कळवलं. आम्ही तिघी विमानतळावर गेलो. तिथे माणसांचंही वजन करतात. आत्या काट्यावर चढली तेव्हा काट्यावरच्या माणसानं आकडा बघितला आणि विमानाकडे बघितलं.

"काय बघतोस?" आत्या म्हणाली. "तुझ्या बापाची कंबर याच वजनानं बसवलीय मी."

तो निमूटपणे लिहायला लागला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात चाळीसेक मुलं आणि त्यांची आख्खी घराणी चटया टाकून बसलेली. आमची पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. डॉक्टर हॅनाफर्ड नावाच्या उंच बाई होत्या, उन्हानं नाक सोललेलं. त्यांनी ओरेताचा हात वाकवून, पसरून, खांद्याला लावून बघितला. कोन मोजला, एक्स-रे उजेडापुढे धरला, माझी नोंदवही मागून घेतली. मध्ये दुभाषी मीच.

"हात छान चालतो," त्या म्हणाल्या. "फक्त दिसायला वाकडा आहे. आणि तुमच्या वहीप्रमाणे चार आठवडे प्लास्टर नीट होतं. दर आठवड्याची नोंद आहे. म्हणजे हाड सरळ जुळलं आणि नंतर वाढताना वाकडं होत गेलं. हाड वाढतं त्या जागेलाच मार बसला असेल, तर मी आज सरळ करीन आणि ते पुन्हा वळेल. फक्त दिसण्यासाठी मी या मुलीला त्यातून नेणार नाही. माझ्याकडे आता चारच जागा उरल्यात."

मी मान हलवली.

"काय म्हणते?" आत्यानं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, वहीचंही. ओरेतानं डावा हात पाठीमागे घेतला, नेहमीसारखा. आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरबाईंना सांग. तुझी वही खोटी आहे."

"आत्या!"

"तू दुभाषी आहेस ना? मग मी बोलते तेवढं सांग. मी त्या पोरीचं प्लास्टर सोडलं. नवव्या दिवशी. वरची पट्टी उलगडली, पन्हळ बाजूला ठेवली, तेल लावून हात चोळला. मग पुन्हा होतं तसं बांधून ठेवलं. रोज. तेबोरा यायची त्या दिवशी पट्टी धुऊन बांधायची."

आता हे मला इंग्रजीतून सांगायचं होतं, आणि दुभाष्यानं ‘मी’च म्हणायचं असतं. मी प्लास्टर सोडलं. मी हात चोळला. मी रोज चोळला. माझ्याच तोंडातून ते बाहेर पडत होतं आणि माझे कान तापत होते. तीन वर्षं! तीन वर्षं ती वही उशाशी घेऊन मी स्वतःला खात होते, आणि ही बाई पाक ढवळत होती!

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. पुढे वाकून म्हणाल्या, "कशा चोळत होता ते दाखवता?"

आत्यानं माझाच हात ओढला. अंगठा कोपराच्या वर बाहेरून दाबला आणि पुढचा भाग आत, पोटाकडे घेतला. "असा. हात अंगाशी घेऊन. मुलांचा असाच घेतात, म्हणजे पोर रडत नाही."

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडापुढे धरला. बराच वेळ बघितला. "वाढीची रेघ स्वच्छ आहे," त्या जणू स्वतःशीच बोलल्या. "तेव्हा हाड ओलं होतं. ते तुमच्या हातात वळलं आणि तसंच जुळलं. नंतर काही झालेलं नाही. मग एकदा कापून सरळ केलं की ते सरळच राहील." मग ओरेताकडे वळून म्हणाल्या, "पण हात तर चालतोय. तुला का हवाय सरळ?"

मी विचारलं. ओरेता जमिनीकडे बघत राहिली. अकरावं लागत आलं की मुली अशाच मुक्या होतात.

"तोंडानं नको सांगूस," आत्या म्हणाली. "दाखव."

आणि आत्यानं तिथेच, तपासणीच्या खोलीत, मांडी घातली आणि टाळी धरली. आवाज तर असा लावला की व्हरांड्यातली माणसं आत डोकवायला लागली. ओरेता क्षणभर तशीच उभी. मग तिनं दोन्ही हात पसरले, तीन वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत एका रेषेत. डावा कोपरापर्यंत तसाच आणि पुढे मोडल्यासारखा आत. मान वळली, बोटं थरथरली, सगळं जिथल्या तिथे, आणि तो एक हात चुकीच्या दिशेला. व्हरांड्यात कुणीतरी टाळी उचलली. आमच्या लोकांना टाळी ऐकून गप्प बसता येत नाही. सलाइन लावलेला एक म्हातारा मोकळ्या हातानं मांडीवर ताल धरून बसला.

गाणं संपलं. डॉक्टरबाईंनी सोललेलं नाक पुसलं आणि कागदावर लिहिलं. "गुरुवारी सकाळी. उपाशीपोटी आणा."

बाहेर आल्यावर मी आत्याला धरलं. "का नाही बोललीस? मी तुझ्यासमोर बसून स्वतःला दोष देत होते!"

"हो."

"हो काय हो?"

"तू चुकलीस तर लोक म्हणतात, पोरगी शिकतेय अजून," आत्या म्हणाली. "मी चुकले तर माझ्या चटईवर कोण येणार, तेबोरा? हे हात सोडले तर माझ्याकडे आहे काय?" तिचे डोळे भरले होते. मी तिला रडताना फार वेळा पाहिलेलं नाही. मला तिची कीव आली आणि तितकाच संतापही आला. एक काहीतरी आलं असतं तर बरं झालं असतं. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. म्हणजे जेवणापुरतं बोलले.

गुरुवारी डॉक्टरांनी कोपराच्या वर, बाहेरच्या बाजूनं हाडाची एक पाचर काढली, फट मिटवून हात सरळ केला आणि दोन तारा घालून पक्का केला. मी आत्याला हे समजावायला लागले तर तिनं मलाच थांबवलं. "कळलं. माझा भाऊ होडीची वाकडी फळी अशीच सरळ करायचा. बाहेरून पाचर काढायची आणि दाबून बसवायची. त्यात काय, सुताराचं काम."

"मग तूच करायचं होतंस!"

"माझ्याकडे करवत नव्हती."

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. पाच आठवडे प्लास्टर, तेही या वेळी पूर्ण गोल. डॉक्टरबाईंनी निघताना माझ्याकडे नाही, आत्याकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "तुम्ही. हात नाही लावायचा." आत्यानं गावात येऊन स्वतःच सगळ्यांना ते सांगितलं, आणि मागचंही सांगितलं. मानेआबात, आमच्या गावाच्या सभेच्या छपराखाली, सगळ्या म्हाताऱ्यांसमोर उभी राहून. "प्लास्टर मी सोडलं होतं. तेबोराचं बांधणं सरळ होतं." म्हातारा उरिआम म्हणाला, "मग आता माझ्या गुडघ्याचं काय? तो कुणाकडे न्यायचा?" आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच चटईवर जाऊन पडला.

बरं झालं तो गेला. आत्याच्या बोटांना काम पाहिजे होतं. त्या पाच आठवड्यांत तिनं गावात चोळायचं काही शिल्लक ठेवलं नाही. उरिआमचे दोन्ही गुडघे, पाद्रीबाबांची मान, तीन बाळंतिणी, शेजारचा लंगडा कुत्रा. एकदा तर मी गेले तेव्हा डुकरिणीची पाठ चोळत होती.

"तिला काय झालंय?"

"काही नाही. माझी बोटं शिवशिवतायत."

ओरेताच्या प्लास्टरवर आत्यानं माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, "तिनाई, लांब हो." आल्यागेल्याला ती स्वतःच ते वाचायला लावायची.

पाच आठवड्यांनी मी तारा काढल्या आणि प्लास्टर कापलं. हात बारीक झालेला, कातडी सोललेली, बाहेरच्या बाजूला वीतभर नाही पण बोटभर गुलाबी व्रण. आणि सरळ! ओरेतानं तो टेबलावर ठेवून कितीतरी वेळ नुसता बघितला. पण कोपर आखडलेलं होतं. ना पुरतं वाकत होतं, ना पुरतं उघडत होतं. आणि रेडिओवरून डॉक्टरांचा हुकूम होता, कुणीही ओढायचं नाही, दाबायचं नाही, चोळायचं नाही. मूल स्वतःचं स्वतः हलवेल तेवढंच.

"मग हा उघडणार कसा?" आत्या हताश होऊन म्हणाली.

"तिलाच हलवू दे. सांग तिला, पण हात लावू नकोस."

"हात न लावता शिकवायचं? तोंडानं?"

"तोंडाची तुला कधी अडचण होती, आत्या?"

बारा जुलैला, स्वातंत्र्यदिनाला, वरच्या गावाशी नाचाचा सामना. हातात तीन महिने. दुसऱ्या दिवसापासून आत्या रोज सकाळी ओरेतासमोर बसायला लागली, स्वतःचे दोन्ही तळवे मांडीखाली दाबून. खरंच सांगते, हातांवर बसायची. आणि बोलायची. "खांदा सोड. आता कोपर, हळू. श्वास घे. आणखी एक तांदूळभर. बास." पहिले काही दिवस बोलता बोलता तिचा एक हात सुटून पुढे यायचा. ओरेता लगेच ओरडायची, "आजी! बूड!" आणि आत्या पुन्हा त्यावर बसायची. मी दवाखान्यात जाताना हे बघायला मुद्दाम थांबायचे. इतकी वर्षं जी बाई पोरींचे दंड पकडून शिकवत होती, तिला आता शब्द शोधावे लागत होते, आणि ते सापडतही होते. इतर मुलीही येऊन बसायला लागल्या. त्यांच्याही दंडांवर आता बोटं उमटेनात.

मे महिना सरला तरी हात पुरता सरळ व्हायला थोडासा उणाच होता. जूनच्या मध्यावर दोन बोटं कमी. जूनच्या शेवटी एक. मी ओरेताला म्हटलं, "नाही झाला पूर्ण तरी चालेल गं." तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तसं बोलले नाही.

बारा जुलैला मानेआबा खच्चून भरला होता. वरच्या गावाचं आधी झालं, चांगलं झालं, कबूल करायला पाहिजे. मग आमच्या मुली उभ्या राहिल्या, केवड्याच्या पानांचे झगे, डोक्यावर फुलांचे मुकुट. ओरेता पहिल्या ओळीत, मध्ये. मागे गाणाऱ्यांत आत्या, मांडी घालून. गाणं सुरू झालं. मी मुलींकडे बघत नव्हते, गाणं ऐकत नव्हते. मी फक्त एक कोपर बघत होते.

हात बाहेर आला. खांद्यापासून दंड, दंडापासून कोपर, आणि कोपरापाशी न थांबता पुढे, मनगट, बोटं. सरळ. सगळा सरळ. लोक उठून, आमच्याकडे कौतुक करतात तसं, मुलींच्या मानेवर पावडर टाकायला लागले, कुणी अत्तर उडवलं, कुणी भावनेनं किंचाळलं, ती मीच असेन. ओरेता नाकासमोर बघत होती, दगडासारखा चेहरा, नाचात ठेवतात तसा.

आणि तेवढ्यात मागून, गाण्याच्या वरताण, आत्याचा आवाज आला.

"उजवा! ओरेता, उजवा हात वर घे! मेल्या माशासारखा काय लोंबतोय!"

सगळा मानेआबा हसला. ओरेतानं झटक्यात उजवा हात उचलला, आणि तिच्या त्या दगडी चेहऱ्यावरून दोन थेंब घरंगळून खाली आले. हात मोडल्यापासून आत्यानं तिला नाचात एकदाही बोल लावला नव्हता. इतर मुलींना शिव्या, हिला गप्पपणा. आज पहिल्यांदा तिला सगळ्यांसारख्या शिव्या मिळाल्या. मी तर पदर नसतानाही डोळे पुसायला काहीतरी शोधत होते, शेवटी उरिआमच्याच बाहीला पुसले.

नाच संपल्यावर ओरेता धावत आजीपाशी आली, पावडरीनं पांढरी झालेली, दम लागलेला.

"आजी, मोडला होता तो डावा!"

"माहितीय मला," आत्या म्हणाली. "मग उजव्याला काय धाड भरली होती?"